वाटी की वजनकाटा? पाककृती लिहिणाऱ्यांसाठी

पाककृती लिहून लोकांपर्यंत पोचवायला लागलं की वर्षभरात हा प्रश्न समोर येतोच: मापं वाटी-चमच्यात द्यायची की ग्रॅममध्ये? फोटो कसे काढावेत, मथळा कसा असावा, आठवड्याला किती लिहावं यावर सल्ले भरपूर मिळतात. माझ्या अनुभवात मात्र वाचक परत येतो तो पदार्थ जमला तरच. आणि पदार्थ जमणं बरंचसं मापावर ठरतं. मी चार वर्षं फक्त वाटीत लिहिलं, गेली तीन वर्षं काट्यावर मोजून लिहितो आहे.

आधी वाटीची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. आपला बराच स्वयंपाक प्रमाणावर चालतो. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ असं सांगितलं की पुरे. वाटी लहान असो की मोठी, भाजणी तीच होते. इडलीचं तीनास एकही तसंच. पूर्वी धान्य मोजायचं तेही मापानेच: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शिवाय वाटी नाही असं मराठी घर नाही, त्यामुळे मोजायला काही नाही म्हणून कुणी अडत नाही. तुमचा भर भाज्या, उसळी, आमट्यांवर असेल तर काटा घ्याच असं मी म्हणणार नाही. उसळीत मटकी दहा ग्रॅम जास्त पडली म्हणून कुणाची उसळ बिघडत नाही.

काट्याचेही त्रास आहेत. घरगुती काटा एकेक ग्रॅम दाखवतो खरा, पण पाच ग्रॅमच्या खाली त्याच्यावर माझा विश्वास नाही. हिंग, हळद, वेलचीपूड चमच्यानेच घ्यावी. चिमूट-चिमूट करत हळूहळू टाकत गेलात तर कित्येकदा आकडा हलतच नाही. फोन आला, दोन मिनिटं लागली, की काटा आपोआप बंद होतो आणि भांड्यात आधी किती होतं ते आठवत बसावं लागतं. शून्य करायचं बटण वापरायची सवय लागेपर्यंत महिनाभर चिडचिड झाली माझी.

एवढं असूनही मी काट्याकडे वळलो ते उकडीच्या मोदकांमुळे. ‘एक वाटी पिठीला एक वाटी पाणी’ असं मी लिहिलं होतं, घरी वर्षानुवर्षं तसंच करत आलो आहोत म्हणून. गणपतीत वाचकांचे निरोप यायला लागले. कुणाची उकड हाताला चिकटत होती, कुणाची कळ्या पाडताना चिरत होती. पिठी आणि पाणी दोन्ही एकाच वाटीने मोजायचं, मग वाटी लहान-मोठी असल्याने फरक पडायचं कारणच नव्हतं. मलाही उत्तर सुचेना.

ते आत्याकडे कळलं. ती पिठी मोजत होती. वाटी डब्यात बुडवून भरली, ओट्यावर दोनदा आपटली, वरून चार बोटांनी दाबली आणि पुन्हा भरली. मी चमच्याने सैल भरतो आणि सुरीने वरचं सपाट करतो. घरी येऊन माझ्या दीडशे मिलीच्या वाटीत दोन्ही पद्धतींनी पिठी भरून काट्यावर ठेवली: सैल भरलेली 88 ग्रॅम, दाबून भरलेली 108. वाटी तीच, हात वेगळा. तीन वाट्यांना साठ ग्रॅमचा फरक पडतो आणि पाणी मात्र तेवढंच राहतं, कारण पाणी काही दाबून भरता येत नाही. शिगोशीग की सपाट, हा वाद मापट्या-पायलीच्या काळातही होताच. तिथे माप घेणारा आणि देणारा समोरासमोर असायचे. माझा वाचक माझा हात बघत नाही.

तेव्हापासून जिथे जिथे ‘वाटी’ लिहिलं होतं तिथे शंका यायला लागली. गूळ चिरलेला सैल की दाबून? बेसनाच्या लाडवाला तूप थिजलेलं की पातळ? परदेशातल्या वाचकांचा गोंधळ आणखी निराळा. अमेरिकेतला कप साधारण 237 मिलीचा, आपल्या बाजारात 240 आणि 250 दोन्ही मिळतात, जपानचा 200 चा. मोठा चमचा सगळीकडे 15 मिली असेल म्हणावं तर ऑस्ट्रेलियात 20. मेजरिंग कपांनी वाटीचा प्रश्न सुटत नाही तो यामुळे, आणि पीठ त्यातही दाबून भरता येतंच.

काट्याने सगळं सुटतं असं नाही. नव्या तांदळाची पिठी पाणी कमी पिते, जुन्याची जास्त. ते काटा सांगत नाही, तिथे ‘पाव वाटी गरम पाणी हाताशी ठेवा’ असं शब्दांत लिहावंच लागतं. पण काट्यावर मोजल्यापासून निदान माझी चूक कोणती आणि पिठीचा स्वभाव कोणता, हे मला वेगळं करता येतं. निरोप आजही येतात, फक्त आता ते सारणात गूळ कमी चालेल का असे असतात. उकडीची तक्रार गेल्या गणपतीत एकच आली, तीही जुन्या तांदळाची.

तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर मी काटा घ्या म्हणेन. वाटी सोडू नका, ती शेजारी ठेवा. मी आता असं लिहितो: तांदळाची पिठी 200 ग्रॅम, म्हणजे दीडशे मिलीच्या साधारण दोन वाट्या, पाणी 300 मिली. ज्याच्याकडे काटा नाही त्यालाही आपल्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा पाण्याच्या बाटलीवरून बघता येतं.

जुन्या पाककृती एका दमात बदलायला बसू नका, कंटाळा येतो. पीठ, रवा, गूळ आणि खवलेला नारळ जिथे आहे तिथून मी सुरुवात केली आणि प्रत्येक माप तीनदा तोलून मगच आकडा लिहिला. मोदक, नानखटाई, बेसनाचे लाडू, गुळाच्या पोळ्या झाल्या. अनारसे सध्या चालू आहेत. चकलीची भाजणी मात्र तशीच ठेवली आहे, वाटीत.