उपजिल्हा रुग्णालयात बाळंतपण: बाथरूम बेकार, सिस्टर एक नंबर

मॅपवर आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला लोकांनी धडाधड एक-एक स्टार दिलेत, कारणं काय तर पार्किंगला जागा नाही, पंखा कुरकुर करतो, सिस्टर खेकसतात. खरंय सगळं. पण बाळंतपणाचा दवाखाना असा बघत नसतेत बाबांनो. रात्री दोनला बाईला रक्त जायला लागलं तर तिथं कोण असतंय आणि फ्रिजमधी काय असतंय ते बघा आधी, पंखा घरून पण नेता येतो. मी लॅबमधी कामाला आहे म्हणून माझ्या डोक्यात हेच आधी येतं.

पेशंट माझी मामेबहीण, दुसरी खेप. नवरा-बायको दोघं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कारखाना सांगलीकडं. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, त्यात बाई मागं राहिली की अर्धा कोयता, म्हणजे जोडीतलं एकच माणूस धरतात, म्हणून आठवा लागेपर्यंत पोरगी मोळ्या वाहत होती. गावी आली तवा माता बाल संरक्षण कार्ड जवळजवळ कोरं आणि हिमोग्लोबिन आठच्या आत. गरोदर बाईला ११ पाहिजे. आशाताईनं तिला ९ तारखेच्या तपासणीला अक्षरशः ओढत नेलं (दर महिन्याच्या ९ ला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात, २०१६ पासून चालू आहे, लोकांना अजून माहीत नाही), तिथं तिला आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) लावलं आणि डिलेव्हरीपर्यंत नऊच्या वर आलं. हे झालं नसतं तर पुढचं काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

कळा रात्री सुरू झाल्या. १०२ ला फोन लावून लावून थकलो, शेवटी आशाताईकडं ड्रायव्हरचा नंबर होता म्हणून गाडी आली. पण आली, आणि एक रुपया घेतला नाही. नॉर्मल डिलेव्हरी, पोरगी झाली, रडली पण लगेच. सोबत एक बाई आत थांबू देतात म्हणून मी आतच होते. सिस्टरनं बाळ झाल्याझाल्या मांडीत ऑक्सिटोसिनचं (गर्भपिशवी आवळायचं) इंजेक्शन दिलं, वार पडली तर ती ट्रेमधी पसरून तुकडा आत राहिला का ते बोटानं चाचपून बघितलं, मला ते लई आवडलं, कारण घाईत हे कुणी करत नाही असं ऐकलं होतं.

आणि मग रक्त थांबेना. आम्ही घरून नेलेली जुन्या लुगड्याची धडपी भिजायला लागली. अर्धा लिटरच्या वर गेलं की धोका धरतात, पण हिच्यासारख्या अंगात रक्तच कमी असलेल्या बाईला तेवढं पण झेपत नाही. डॉक्टर जागेवर नाहीत, पण सिस्टर काय बाई होती! एका हातानं पोटावरून गर्भपिशवी चोळतीय, दुसऱ्या सिस्टरला ओरडून सलाईन जोडायला लावतीय, ट्रॅनेक्झॅमिक (रक्त थांबवायचं औषध) दे, डॉक्टरला उठव, सगळं एका दमात. डॉक्टर आले तवर निम्मं काम झालं होतं. २०२३ ला एक अभ्यास छापून आला होता, केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या ८० दवाखान्यांतला, तिथं बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि हेच सगळे उपाय एकदमच केले तर जास्तीचा रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन किंवा मरण, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. आमच्या सिस्टरनं तेच केलं, फक्त मापाची पिशवी नव्हती, सगळं नजरेच्या अंदाजावर. तेवढी पिशवी इथं का नाही हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न रक्ताचा. स्टोरेजचा फ्रिज आहे, चालू पण आहे, पण तिच्या ग्रुपची एकच पिशवी निघाली. ती लावली, दुसरीसाठी भाऊ रात्रीच मोटारसायकलवर जिल्ह्याला पळाला. भूलतज्ज्ञ रात्री मुक्कामी नसतात, बाहेरून बोलवतात, म्हणजे गर्भपिशवी काढायची वेळ आली असती तर अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याची वाट धरायची, आणि तो रस्ता तुम्हाला माहीतच आहे. महाराष्ट्राचा आकडा २०१८-२० चा लाख जन्मांमागं ३३ माता असा छापलाय, देशाचा तवा ९७ होता. चांगलाच आहे, पण त्या ३३ मधी पुणं-मुंबई पण आलं, आमचा रात्रीचा तालुका वेगळा काढून कुणी दाखवत नाही.

आता बाकीचं. जेवण फुकट, खिचडी बरी, वरण पाण्यासारखं. एक औषध बाहेरच्या मेडिकलचं लिहून दिलं, मी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं (सरकारीत बाळंतिणीला औषध फुकट) नाव काढल्याबरोबर आतूनच निघालं, तेव्हा मागा, लाजू नका. दवाखान्यातल्या मावशीनं पेढ्याचे पैसे मागितलेच. मुलगी झाली म्हणून शेजारच्या खाटेपेक्षा कमी मागितले, म्हणजे पोरीला जन्मताच सूट! बाथरूमला कडी नाही, एकीनं बाहेर उभं राहायचं, सकाळी दहानंतर पाणी नाही. ओल्या बाळंतिणीला हे हाल, याला माफी नाही.

आमच्या काकू म्हणत होत्या प्रायव्हेटला न्यायचं. गावातल्या एका मोठ्या नावाच्या ठिकाणी मी आधीच विचारून आले होते, टाइल्स चकाचक, पॅकेज छापील, आणि रात्री रक्त लागलं तर काय म्हणलं की काउंटरवरची पोरगी म्हणली, "सरकारीला रेफर करतो ना मॅडम."

जाणारांनी रक्तगटाचा रिपोर्ट आणि कार्ड एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, त्याच गटाची दोन माणसं रक्तासाठी आधीच बोलून ठेवा, १०२ च्या भरवशावर न राहता ड्रायव्हरचा नंबर आशाताईकडून घ्या, आणि रात्री भूल देणारे डॉक्टर आहेत का हे नववा लागायच्या आत तोंडानं विचारून या. बादली, कडीसाठी सुतळी आणि मच्छरदाणी घरून न्या.