पोर्ट जळाला नव्हता, तरी बदलल्याचे पैसे घेतले

गाडीतला यूएसबी पोर्ट जळालाय असं सांगून पुण्यातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानाने माझ्याकडून ४,८०० रुपये घेतले. पोर्ट जळाला नव्हता. उडाला होता तो फ्यूज, आणि त्याआधी बरेच दिवस जो त्रास होत होता तो केबलचा होता. पैशांपेक्षा जास्त संताप मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. दुरुस्तीच्या नावाखाली माझ्या गाडीची वायर कापून बिनफ्यूजची जोडणी करून ठेवली होती, आणि त्याच गाडीतून माझी मुलगी रोज शाळेत जात होती. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन उपचार करते. कोथरूड, वारजे, सिंहगड रोड, कधी पार वाघोली. नकाशा कायम चालू, त्यामुळे फोनही कायम चार्जिंगला. गाडीला पुढे दोन यूएसबी पोर्ट आहेत, एक स्टिरिओचा आणि एक फक्त चार्जिंगचा. शिवाय सिगारेट लायटरचं १२ व्होल्टचं सॉकेट.

सुरुवात अशी झाली की खड्डा आला की चार्जिंग तुटायचं, मग पुन्हा टिंग वाजून सुरू व्हायचं. केबल एका बाजूला वाकवून धरली की चालायची. असं होत असेल तर गाडीकडे बोट दाखवण्याआधी केबलचं टोक आणि फोनची खाच बघा. टाइप-सीमध्ये (हल्लीच्या फोनचं, दोन्ही बाजूंनी बसणारं छोटं टोक) पकड धरणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या टोकात असतात, त्यामुळे आधी केबल ढिली पडते. फोनच्या खाचेत पर्समधला, खिशातला धाग्यांचा कचरा दाबून दाबून बसतो आणि केबल पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने काढायचा. सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात नको, आत मधोमध पातळ जीभ असते, ती मोडली तर फोनचा खर्च लागतो. जुन्या चपट्या आयताकृती टाइप-ए पोर्टचं मात्र उलट आहे. तिथे स्प्रिंगा पोर्टमध्ये असतात, आणि मानकाप्रमाणे तो १,५०० वेळा केबल घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. टाइप-सी १०,००० वेळा. म्हणजे गाडीचा टाइप-ए पोर्ट खरोखर झिजू शकतो, पण ते ठरवायचं कसं हे पुढे सांगते.

मग एके दिवशी टायरमध्ये हवा कमी दिसली म्हणून सॉकेटला हवा भरायचा छोटा पंप लावला. पंप थोडा वेळ चालला आणि बंद पडला. त्यानंतर सॉकेट मेलं आणि चार्जिंगचा पोर्टही मेला. स्टिरिओचा पोर्ट चालू होता, पण नकाशा लावून त्यावर फोन ठेवला तर टक्के वाढायच्या ऐवजी कमी व्हायचे. हे बिघाडाचं लक्षण नाही. स्टिरिओचे बरेचसे पोर्ट मुळात गाणी आणि डेटासाठी असतात आणि जुन्या यूएसबी २.० मानकाप्रमाणे ०.५ अँपिअरच देतात, म्हणजे ५ व्होल्टला अडीच वॉट. स्क्रीन, जीपीएस आणि इंटरनेट मिळून फोन त्याहून जास्त खातो.

त्या दुकानात गेले. सीट कव्हर, रिव्हर्स कॅमेरा, स्टिरिओ, सगळं मिळणारं मोठं दुकान. मुलाने पोर्टमध्ये एक छोटा मीटर खोचला, शून्य दाखवलं, आणि म्हणाला, "ताई, आतला बोर्डच जळलाय. कंपनीत गेलात तर अख्खा पॅनेल बदलायला सांगतील, बारा-पंधरा हजार. आपण ओरिजिनल मॉड्यूल टाकून देऊ." मीटरवरचं शून्य खरं होतं. पण त्या शून्याचा अर्थ एवढाच की पोर्टपर्यंत वीज पोहोचत नाही. का पोहोचत नाही हे बघायला त्याने फ्यूजचा डबा उघडलाही नाही. अर्ध्या तासात काम झालं. पोर्टभोवती निळा दिवा लागला होता, शेजारी व्होल्टचे आकडे. "जुना पोर्ट द्या," म्हटल्यावर "तो जळालेलाच होता, टाकला कचऱ्यात," असं उत्तर मिळालं. सोबत '६५ वॉट' लिहिलेली जाड दोरीसारखी केबल ८०० रुपयांना वेगळी. बिल म्हणून एका कोऱ्या कागदावर रक्कम आणि 'यूएसबी ओरिजिनल'. पैसे मी यूपीआयने दिले होते, ते पुढे फार उपयोगी पडलं.

गणपतीत आम्ही रेल्वेने गावी गेलो, गाडी सोसायटीत उभी. परत आलो तर बॅटरी पूर्ण उतरलेली. गाडी कुलूपबंद, किल्ली घरात, आणि पोर्टभोवतीचा निळा दिवा मिणमिणता चालूच. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियनने पॅनेल उघडून मला बोलावून दाखवलं. नवा पोर्ट बाजारात मिळणारा साधा १२ व्होल्टचा होता. त्याची वायर इग्निशननंतर, म्हणजे किल्ली फिरवल्यावर, चालू होणाऱ्या लाइनवर जोडायची, ती चोवीस तास वीज असलेल्या वायरवर जोडली होती. त्यासाठी मूळ वायर कापून, तांब्याचे धागे पिळून, वरून काळी टेप गुंडाळलेली. मध्ये फ्यूज नाही. अशी जोडणी गाडीच्या धक्क्यांनी ढिली होते, तिथे गरम होते, आणि शॉर्ट झाला तर त्या पोर्टच्या बारीक वायरला वाचवणारं काहीच नसतं. असा पोर्ट तसा थोडाच करंट खातो, पण रात्रंदिवस खातो, आणि उभ्या गाडीचा अलार्म वगैरे आपापला वाटा घेतातच.

आणि माझा जुना पोर्ट? तो त्याच्या कपलरसकट, म्हणजे वायर जोडणाऱ्या खटक्यासकट, पॅनेलच्या मागे टेपने बांधून ठेवला होता. कचऱ्यात गेलाच नव्हता. इलेक्ट्रिशियनने फ्यूजचा डबा उघडला, १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून उजेडात धरला, आतली पट्टी तुटलेली. नवा फ्यूज दहा रुपयांचा. तो बसवताच सॉकेट जिवंत झालं, आणि लोंबकळणाऱ्या जुन्या पोर्टला इलेक्ट्रिशियनच्या केबलने माझा फोन लावला तर चार्ज व्हायला लागला. कापलेली वायर नीट जोडून, आवरण चढवून, पोर्ट परत बसवायचे मजुरीचे पैसे वेगळे गेले.

आता कामाचं. डॅशबोर्डला कुणालाही हात लावू देण्याआधी एवढं स्वतः करून बघा. एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर दोष कुठे आहे ते कधीच कळत नाही. तीच केबल आणि तोच फोन घरच्या चार्जरला लावा. तिथेही अडखळतंय तर गाडी निर्दोष आहे. घरी चालतंय तर गाडीत दुसऱ्या कुणाची तरी चांगली, आखूड केबल लावून बघा. मग दुसरा फोन. एवढं करूनही सगळ्या केबली त्याच पोर्टला हलताना तुटत असतील, तरच पोर्ट झिजलाय म्हणता येईल. पोर्ट आणि सॉकेट एकदम मेले तर पहिला संशय फ्यूजवर. कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा गाडीच्या पुस्तिकेत किंवा डब्याच्या झाकणावर असतो. रंगांवरून अँपिअर कळतात: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला. जास्तीचा घालून 'आता उडणार नाही' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, कारण मग फ्यूजच्या जागी वायर तापते. आणि इग्निशन चालू करून तपासा, बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय पोर्टला वीजच येत नाही.

उन्हाळ्यात काचेवरच्या होल्डरमधला फोन चार्ज होणं थांबला तर तोही पोर्टचा दोष नव्हे. फोन तापला की बॅटरी वाचवायला तो स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा बंद करतो.

केबलविषयी थोडं जास्त लिहिते, कारण खरी लूट तिथे चालते आणि ती ८००-८०० रुपयांची असल्यामुळे कुणी तक्रार करत नाही. बाहेरून जाड, विणलेली केबल आतून कशीही असू शकते. महत्त्वाची आहे आतली तांब्याची तार. तारेची जाडी गेजमध्ये (एडब्ल्यूजी) सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. २८ गेजच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलचा ०.४२. त्यातून २ अँपिअर नेले तर जवळपास ०.८५ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात आणि फोनपर्यंत ५ च्या ऐवजी ४.१५ व्होल्ट पोहोचतात. फोनला हे जाणवतं आणि तो करंट खाली आणतो. २४ गेजची तार असेल तर तोच तोटा ०.३४ व्होल्ट. चांगल्या केबलच्या आवरणावर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं, '२८एडब्ल्यूजी/१पी' ही डेटाची जोडी आणि '२४एडब्ल्यूजी/२सी' या विजेच्या तारा. माझ्या '६५ वॉट'वाल्या केबलवर वॉटचा आकडा सोडून काहीच नव्हतं. वर्कशॉपमधल्या मीटरवर ती एक अँपिअरसुद्धा धड नेत नव्हती. त्याच चार्जरला, त्याच फोनला इलेक्ट्रिशियनची केबल लावली की आकडा दुपटीच्या वर जायचा.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंत असते. त्याच्या वर जायचं तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते, तिच्याशी बोलून चार्जर ५ अँपिअर सोडतो. आणि ज्या फोनची फास्ट चार्जिंगची पद्धत त्या कंपनीची स्वतःची आहे, उदाहरणार्थ सुपरवूक, त्यांना त्याच पद्धतीचा चार्जर आणि केबल दोन्ही लागतात. नुसती महागडी केबल घेऊन गाडीच्या साध्या पोर्टमधून तो वेग निघत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

खराब केबल पोर्टचंही वाटोळं करू शकते. टाइप-ए ते टाइप-सी केबलच्या टोकात ५६ किलोओहमचा रोधक असावा लागतो. तो फोनला सांगतो की समोर साधा पोर्ट आहे, जपून घे. स्वस्त केबलींमध्ये तिथे १० किलोओहमचा घातलेला सापडलाय. मग फोनला वाटतं समोर ३ अँपिअर देणारा पोर्ट आहे, आणि तो तेवढे ओढायला बघतो. गुगलचे अभियंते बेन्सन लिउंग यांनी २०१५ मध्ये ॲमेझॉनवरच्या अशा केबली एकेक तपासून जाहीर केल्या. २०१६ मध्ये एका चुकीच्या जोडणीच्या केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी झाला. त्यानंतर ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला मनाई केली. रस्त्यावरच्या आणि ॲक्सेसरीजच्या दुकानातल्या केबली असं कोण तपासतं? म्हणून निदान फोनच्या कंपनीची किंवा नाव-पत्ता असलेल्या कंपनीची, पक्क्या बिलावर घ्या. गाडीत एक मीटरहून लांब नकोच. अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) वापरणाऱ्यांना तर गुगल स्वतःच एक मीटरच्या आतली केबल सुचवतं. काही केबलींत डेटाच्या ताराच नसतात, त्यांवर चार्जिंग होतं पण अँड्रॉइड ऑटो दिसत नाही, आणि दुकानदार सांगतो स्टिरिओ गेला.

दुकानात परत गेले तेव्हा भिंतीवरच्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं गेलं. त्या पाटीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत यूपीआयची नोंद, तो कोरा कागद, पॅनेल उघडतानाचा व्हिडिओ आणि वर्कशॉपचं बिल, ज्यावर मी 'मूळ पोर्ट चालू स्थितीत आढळला, वायर कापलेली' असं लिहून घेतलं होतं. दुकानाने पोर्टचे आणि केबलचे पैसे परत केले. मजुरीचे आणि वायरिंगच्या नुकसानीचे द्यायला तयार नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. त्याच दुकानातून कुणी पोर्ट बदलून घेतला असेल, तर रात्री गाडी कुलूप लावून, दहा मिनिटांनी काचेतून आत बघा. निळा दिवा चालू दिसला तर दुसऱ्या दिवशीच पॅनेल उघडून वायर तपासून घ्या.