जोडीने दिल्ली पाहायला मेट्रोच बरी

दोघांनी फिरायला दिल्ली मेट्रोइतकी भरवशाची सोय नाही. स्मार्ट कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं, एकावर दोघं जाता येत नाही. कार्डावर भाड्यात १० टक्के सूट मिळते. सुरक्षा तपासणीला स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या. बॅग एक्स-रेमध्ये टाकण्याआधीच ती कोण उचलणार ते ठरवा. गाडीच्या दिशेने पहिला डबा फक्त महिलांचा, फलाटावर गुलाबी खुणा असतात. घाईत नवरा तिथे शिरला तर दंड!

लाल किल्ल्याला स्टेशन अगदी दाराशी. कुतुबमिनार स्टेशन मात्र नावालाच जवळ, पुढे रिक्षा करावीच लागते. सोमवारी लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम तिन्ही बंद. त्या दिवशी कुतुब आणि हुमायूनचा मकबरा उरका.