फाइलीवर कारण खरे लिहिणारा दवाखाना

बाळाच्या सुंतेसंबंधी सल्ला घेण्यासाठी आम्ही गेल्या दोन महिन्यांत पुण्यातील दोन ठिकाणी गेलो. हा अभिप्राय त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणाविषयी, म्हणजे टिळक रस्त्यालगतच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर असलेल्या बालशल्यचिकित्सकांच्या दवाखान्याविषयी आहे. दवाखान्याचे आणि डॉक्टरांचे नाव मी देत नाही. विषय माझ्या मुलाच्या शरीराचा आहे, तो अवघा पाच महिन्यांचा आहे आणि मी हे लिहावे की नाही हे त्याला विचारता येत नाही. नावावरून माग काढत कोणी त्याच्यापर्यंत पोहोचू नये, एवढी काळजी तरी मला घेता येते.

माझे माहेर पुण्याचे आणि सासर दापोलीजवळचे. माहेरचे लोक हनफी, तर सासरचे कोकणातील बहुतेक मुसलमानांप्रमाणे शाफई; हे सुन्नी मुसलमानांमधले धर्मशास्त्राचे दोन पंथ. हनफी मतानुसार सुंता ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा प्रघात म्हणून पाळायची गोष्ट आहे, शाफई मतानुसार ती वाजिब, म्हणजे बंधनकारक आहे. कुराणात तिचा उल्लेख नाही, तो हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींमध्ये येतो, आणि अमुकच वयात ती झाली पाहिजे अशी सर्वांना बांधणारी मुदत कोणी घालून दिलेली नाही. त्यामुळे आमच्या घरात बोलणे होते ते 'कधी' आणि 'कुठे' यावर. 'करावी का' हा प्रश्न माझ्या मनात आला तो सासऱ्यांच्या एका गोष्टीमुळे. सातव्या वर्षी त्यांना नवे कपडे आणि झेंडूचा हार घालून उलट्या पातेल्यावर बसवले होते. न्हाव्याने "ती बघ, वर सोन्याची चिमणी" असे म्हटले आणि त्यांनी आढ्याकडे पाहिले. सत्तरी उलटली तरी ते ही गोष्ट हसतच सांगतात, पण सांगताना त्यांची मान अजूनही वर जाते. त्यांना निदान फसवावे तरी लागले होते. माझ्या बाळाच्या बाबतीत तेवढ्याचीही गरज नव्हती.

पहिल्या ठिकाणी, एका मोठ्या रुग्णालयात, फोनवरच 'पॅकेज'ची रक्कम सांगण्यात आली आणि बाळाचे वजन सोडून दुसरे काहीही विचारले गेले नाही. प्रत्यक्ष गेल्यावर तेथील समन्वयकांनी आपुलकीने आणखी एक सोय सुचवली. बहुतेक आरोग्य विमा योजनांत आजारामुळे आवश्यक ठरल्याशिवाय सुंतेचा खर्च मिळत नाही. म्हणून कागदावर 'फायमोसिस', म्हणजे शिश्नावरची कातडी मागे न सरकण्याचा आजार, असे लिहू, म्हणजे माझ्या पतीच्या कंपनीच्या विम्यातून पैसे सुटतील. आता पाच महिन्यांच्या बाळाची ती कातडी मागे सरकत नाही, यात आजार कसला? जन्मतः ती आतल्या भागाला चिकटलेलीच असते आणि काही वर्षांत आपोआप सुटते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ मध्येच हे सविस्तर मांडले होते. विमा कंपनीची फसवणूक हा भाग वेगळाच. मला अधिक टोचले ते असे की आमच्या इच्छेचे नाव पुसून तेथे बाळाच्या दुखण्याचे नाव लिहिले जाणार होते, आणि वीस वर्षांनी त्याने तो कागद पाहिला, तर आपल्याला काहीतरी झाले होते असे समजून तो आमचे आभारच मानील.

टिळक रस्त्यावरच्या दवाखान्यात वेळ देतानाच आई-वडील दोघांनी यावे असे सांगितले जाते. आजी आली तरी चालेल, पण आजीवर काम भागणार नाही. डॉक्टरांनी बाळाला तपासण्यापूर्वी आम्हाला एकच गोष्ट विचारली: "हे का करायचे आहे?" माझ्या पतींनी स्वच्छतेचे कारण पुढे केले, तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वच्छतेला पाणी पुरते. धार्मिक कारण असेल तर तसेच सांगा, मला त्यात काही वावगे वाटत नाही. पण ते तुमच्या तोंडचे राहू द्या, माझ्या तोंडी घालू नका."

त्यानंतरची चाळीस मिनिटे मला या शहरात डॉक्टरकडे क्वचितच मिळाली असतील. माझ्या भावांना, मामांना दात काढल्यावर किंवा खरचटल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, हे त्यांनी विचारले, कारण हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, आईच्या बाजूने मुलाकडे येतो. लघवीचे छिद्र टोकालाच आहे ना, हे त्यांनी दिव्याखाली पाहिले. ते खाली असेल तर सुंता करायचीच नसते, कारण पुढच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला तीच कातडी लागते. फायद्याचे बोलताना त्यांनी आकडे हातचे राखले नाहीत. पहिल्या वर्षात सुंता न झालेल्या साधारण शंभरातल्या एका मुलाला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि सुंतेने तो बराच कमी होतो. म्हणजे एक संसर्ग टाळण्यासाठी शंभराहून अधिक निरोगी मुलांवर शस्त्रक्रिया करावी लागेल. आफ्रिकेतील चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषांना एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला हेही खरे. पण त्या चाचण्यांतले पुरुष प्रौढ होते आणि स्वतःच्या सहीने आत गेले होते.

वेदनेविषयीचे त्यांचे बोलणे मी टिपून घेतले आहे. पहिल्या ठिकाणी "इतक्या लहान बाळाला काही कळत नाही" असे ऐकले होते. येथे डॉक्टरांनी कॅनडातील १९९७ सालच्या एका अभ्यासाचा दाखला दिला. नवजात असताना सुंता झालेली मुले चार किंवा सहा महिन्यांच्या लसीच्या वेळी इतर मुलांपेक्षा अधिक कळवळली होती, आणि वेदनाशामक मलम लावलेल्यांत ते प्रमाण कमी होते. आमच्या बाळाच्या वयात स्थानिक भुलीवर भागवणे त्यांना मान्य नाही; पूर्ण भूल आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी इंजेक्शन, तेही शस्त्रक्रियागृहात, एवढे लागेल आणि त्याचा आपला असा धोकाही असेल, हे त्यांनी स्पष्ट केले.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे कायद्याचे पुस्तक उघडून पाहण्याची खोड आहे. भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमानुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्हेतूने आणि पालकाच्या संमतीने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. सारा प्रश्न त्या 'हित' शब्दात अडकला आहे. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये धार्मिक कारणाने केलेली बालकाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथील संसदेने कायदा करून पालकांना ती मुभा परत दिली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच फायदे धोक्यांपेक्षा जास्त असल्याचे म्हटले, तरी सरसकट शिफारस केली नाही आणि निर्णय पालकांवर सोपवला. हॉलंडच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याआधी दोन वर्षे याला मुलाच्या हक्कांशी विसंगत म्हटले होते. आपल्याकडे २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे बालकांची सुंता बेकायदा ठरवावी अशी याचिका आली आणि ती फेटाळली गेली. हे सगळे मी डॉक्टरांपुढे मांडले, तेव्हा त्यांनी शांतपणे एवढेच विचारले की यातल्या कोणी तुमच्या मुलाला पाहिले आहे का. हा टोला मला लागला, पण पूर्णपणे पटला नाही. हक्काचा प्रश्न मूल पाहिल्याने सुटत नाही.

माझ्या एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या, सहकारी आहेत, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या. त्यांच्याकडे सुंता आठव्या दिवशीच होते. "तुम्हाला निदान विचार करायला वर्षे आहेत, आम्हाला आठच दिवस मिळतात," असे त्या हसून म्हणाल्या. यातली मोकळीक मला तोवर जाणवली नव्हती. धर्माने मुदत घातलेली नसताना घाई होती ती फक्त आमची, आणि तीसुद्धा मोठेपणी मुलगा हट्ट करील या भीतीपोटी. त्याने हट्ट करणे म्हणजेच त्याचे मत असणे नव्हे काय?

दवाखान्यात उणिवा आहेत. दिलेल्या वेळेनंतर आम्ही दीड तास ताटकळलो, लिफ्ट बंद होती. त्याहून गंभीर म्हणजे तपासणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे, त्यामुळे आमच्या आधीच्या जोडप्याचे सगळे बोलणे बाहेर ऐकू आले. त्यांच्याकडच्या मालिशवाल्या बाई त्यांच्या बाळाला न्हाऊ घालताना रोज तेल लावून ती कातडी मागे ओढत होत्या आणि तेथे चिरा पडल्या होत्या. डॉक्टरांनी सुंतेऐवजी मलम दिले आणि ओढाओढ आजपासून बंद करायला सांगितले. सल्ला उत्तम, पण तो माझ्या कानावर पडायला नको होता. संमतीपत्राचे पहिले पान नीटस मराठीत आहे आणि दुसरे, ज्यात गुंतागुंतीची माहिती आहे, ते केवळ इंग्रजीत. सही मागायची तर हे चालणार नाही, असे मी तेथेच सांगितले.

तपासणीची फी नऊशे रुपये आहे. पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख दिली जात नाही. किमान दोन आठवड्यांनी दोघांनी पुन्हा यायचे असते. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "नऊशे घेतले आणि केले काय?" मी फाइल पुढे केली. सासऱ्यांनी चष्मा लावून डॉक्टरांचे अक्षर मोठ्याने वाचले: 'बाळ निरोगी. आजार नाही. शस्त्रक्रियेचे कारण: पालकांची धार्मिक इच्छा.' सासूबाई म्हणाल्या, यात चुकीचे काय लिहिले आहे. चुकीचे काहीच नव्हते. फाइल सध्या लसीकरणाच्या कार्डासोबत कपाटात आहे. दुसऱ्या भेटीची वेळ आम्ही अजून घेतलेली नाही.