‘पाकीझा’ : जुनी रेकॉर्ड की नवी आवृत्ती? किनाऱ्यावर राहणाऱ्या संग्राहकासाठी

‘पाकीझा’ या हिंदी चित्रपटाच्या गाण्यांची एलपी (टर्नटेबलवर वाजणारी मोठी तबकडी) घ्यायची असे मनाशी ठरवले की आज दोन वाटा समोर येतात. सत्तरच्या दशकातली जुनी प्रत शोधायची, किंवा अलीकडे पुन्हा निघालेली, जाड तबकडीची नवी आवृत्ती मागवायची. चांगल्या स्थितीतल्या जुन्या प्रतीची किंमत आता नव्या प्रतीच्या आसपास पोहोचल्यामुळे निवड पैशांवर सोडून देता येत नाही. माझ्याकडे या दोन्ही प्रती आहेत आणि गेली काही वर्षे मी त्या एकाच टर्नटेबलवर, एकाच सुईने, रत्नागिरीतल्या एकाच खोलीत ऐकत आलो आहे. आमच्या भागातले दोघे-तिघे संग्राहक सध्या याच पेचात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्याने यातला निम्मा मजकूर सोडून दिला तरी चालेल, कारण माझा निर्णय पुष्कळसा इथल्या हवेने करून टाकला आहे.

आधी संगीताबद्दल थोडे, कारण कोणती प्रत घ्यावी हे तिच्यातून काय ऐकायचे आहे यावर ठरते. चित्रपट ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला, पण त्याची सुरुवात १९५६ मध्ये झाली होती, आणि संगीतकार गुलाम मोहम्मद मार्च १९६८ मध्येच गेले. म्हणजे १९७२ मध्ये लोकांनी जी गाणी नवी म्हणून ऐकली ती प्रत्यक्षात आधीच्या काळातली, आधीच्या चालीरीतीची होती, आणि मधल्या वर्षांत चित्रपटसंगीताची तऱ्हा बदललेली असतानाही दिग्दर्शक कमाल अमरोही यांनी ती बदलली नाहीत, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केले. कोठ्यांच्या गल्लीत दुरून तरंगत येणाऱ्या राजकुमारी, परवीन सुलताना आणि वाणी जयराम यांच्या आवाजांची योजना त्यांची. गुलाम मोहम्मद हे मुळात तबला-ढोलक वाजवणारे, नौशाद यांचे अनेक वर्षांचे सहायक, आणि त्यांच्या चालींत ठेका हा केवळ आधार नसतो, तो गाण्याइतकाच बोलतो. ‘इन्हीं लोगों ने’ आणि ‘ठाडे रहियो’ या दोन गाण्यांत डग्ग्याचा घुमारा आणि घुंगरांचा नाद एकमेकांना कसे तोलून धरतात हे ज्याला नीट ऐकायचे आहे, त्यानेच एलपीच्या वाटेला जावे असे मला वाटते. नुसती गाणी ऐकायची तर ती आज कुठेही ऐकता येतात.

आता आवाजाकडे वळतो. जुन्या प्रतीचा आवाज मधल्या सुरांत भरलेला आहे. सारंगी जवळ बसून वाजवल्यासारखी वाटते, डग्गा गोल आणि खोल उमटतो, आणि लताबाईंच्या आवाजातली जी ऊब आहे ती जुन्या प्रतीवर जरा अधिक जाणवते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. नव्या आवृत्तीचा आवाज थोडा उजळ आहे. घुंगरू, सतारीच्या जलद छेडी, शब्दांची टोके हे सारे स्वच्छ येते, मात्र खालची बाजू किंचित आटोपशीर वाटते. हा फरक माझ्या सुईचा असेल, माझ्या कानांचाही असेल, कारण मी काही मोजमाप केलेले नाही. पण दिवेलागणीनंतर खिडक्या लावून दोन्ही प्रती एकापाठोपाठ ऐकल्या तर घरातल्या इतरांनाही तो न सांगता कळतो. निव्वळ आवाजावर निकाल द्यायचा असता तर मी जुन्या प्रतीला झुकते माप दिले असते.

वेष्टनाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. जुन्या जॅकेटचा पुठ्ठा, त्यावरची छपाई आणि हातात घेतल्यावर येणारे वजन याला नवी प्रत पुरी पडत नाही. ज्यांना रेकॉर्ड भिंतीवर लावायची आहे त्यांनी पुढचे न वाचता जुनी घ्यावी.

माझा निर्णय फिरला तो एका त्रासामुळे, आणि तो त्रास जरा तपशिलाने सांगतो.

जुनी प्रत मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून घेतली होती. तिच्यावर दिसण्याजोगा ओरखडा नव्हता आणि पहिला उन्हाळा ती उत्तम वाजली. मग जून आला. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो, हे इथे कोणाला सांगायला नको. जांभ्याच्या भिंती आतून ओल धरतात, फडताळातले मीठ पाझरते, कपड्यांना वास येतो. आपल्याकडे कपाटात बारीक बल्ब पेटता ठेवण्याची जुनी पद्धत आहे, तीच मी रेकॉर्डच्या कपाटाला लावली. बल्बच्या जवळच्या दोन तबकड्या उबेने किंचित वाकल्या, म्हणून तो काढून टाकावा लागला. (ही पद्धत कपड्यांना ठीक आहे, रेकॉर्डला मुळीच नाही.) गणपतीच्या सुमारास ‘पाकीझा’ बाहेर काढली तेव्हा दुसऱ्या बाजूवर, तांदळाच्या कण्या विखुराव्यात तसे फिकट पांढरे ठिपके पडले होते.

बुरशी विनाइल, म्हणजे तबकडीचे प्लास्टिक, खात नाही. ती बोटांच्या तेलकट ठशांवर, धुळीवर आणि आतल्या कागदी पाकिटाच्या खळीवर जगते. ठिपके डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवत धुतले की निघतात. माझेही निघाले, एक सोडून. तो डोळ्यांना दिसेनासा झाला, पण सुईला सापडत राहिला. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. तबकडीवर एकाच जागी डाग असेल तर तो दर १.८ सेकंदांनी न चुकता ‘टक्’ करतो. खरखर सोसता येते, कान तिला पावसाच्या आवाजासारखे मागे ढकलतात. नियमित टकटक मात्र मागे ढकलता येत नाही, कारण ती स्वतःच एक लय असते, आणि ती गाण्याच्या लयीशी कधीच जुळत नाही.

माझी टकटक नेमकी ‘चलते चलते’मध्ये होती. माझा एक मित्र गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. त्याला मोठ्या हौसेने ते गाणे ऐकायला बोलावले होते. तो डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरून बसला होता. अर्ध्या मिनिटात त्याची बोटे अडखळली, एकदा टकटकीवर पडली, मग थांबली. तो काही बोलला नाही, पण त्या थांबलेल्या बोटांनी मला जे समजायचे ते समजले. गाण्याच्या अखेरीला आगगाडीची शिटी येते आणि सगळे विरत जाते, तिथे तर त्या आवाजाला लपायला जागाच उरत नाही. ठेक्याचा एवढा विचार करणाऱ्या संगीतकाराचे गाणे, आणि त्यावर एका बुरशीच्या डागाचा उपरा ठेका, हे मला त्या दिवसापासून सहन झाले नाही.

यावर कोणी म्हणेल की दुसरी जुनी प्रत घ्यावी. मी तसेही करून पाहिले. दुसऱ्या प्रतीवर पहिल्याच पावसाळ्यात, वेगळ्या जागी, पण तेच झाले. यामागचे कारण नंतर माझ्या लक्षात आले. पन्नास वर्षे कुठल्या कुठल्या घरांत फिरलेल्या जॅकेटच्या पुठ्ठ्यात बुरशीचे बीज मुरलेले असते. कोरड्या गावात ते निपचित पडून राहते आणि आपल्या हवेत आले की जागे होते. तबकडी धुता येते, पुठ्ठा धुता येत नाही. शिवाय हे बीज शेजारच्या रेकॉर्डवरही जाते, आणि त्याच वर्षी माझ्या कपाटातल्या आणखी चार तबकड्यांवर ठिपके दिसले.

नवी आवृत्ती मी त्यानंतर घेतली. तिचा मोठा गुण असा की तिचा इतिहास माझ्यापासून सुरू होतो. तिला माझ्याशिवाय कोणाचे बोट लागलेले नाही, तिचा पुठ्ठा कोरा आहे, आणि तिच्यावर जे काही होईल त्याला मीच जबाबदार असेन. आल्या दिवशी मी वरचे घट्ट प्लास्टिक पूर्ण काढून टाकले, कारण ते ठेवले तर आत दमट हवा कोंडते आणि आवळून पुठ्ठा वाकतो. आतले कागदी पाकीट काढून त्या जागी गुळगुळीत पॉलिथिनचे पाकीट घातले. तबकडी आता जॅकेटच्या आत नाही, जॅकेटच्या मागे स्वतंत्र पाकिटात उभी असते, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, ज्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेने वाळवून घेतो. चार पावसाळे गेले, ठिपका आलेला नाही. हीच काळजी जुन्या प्रतीचीही घेतली होती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. तिच्यावर वाढ कमी झाली, थांबली नाही.

नव्या आवृत्तीलाही तक्रारी आहेतच. जानेवारीत हवा कोरडी पडते त्या दोन-तीन आठवड्यांत तिच्यावर स्थिर विद्युत साठते आणि सुई टेकवताना तडतड ऐकू येते. पावसाळ्यात ही अडचण मुळीच नसते. एवढ्यापुरती आपली दमट हवा मदतच करते. जाड तबकडीमुळे आवाज सुधारतो असे सांगतात, पण माझा तसा अनुभव नाही. जाडीमुळे ती सहजी वाकत नाही इतकाच लाभ मला दिसला, आणि उकाड्याच्या घरात तो छोटा नाही. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज किंचित फाटतो, तो दोष जुन्या-नव्या दोन्हींत सारखाच आहे, कारण तो तबकडीच्या रचनेतच आहे. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि आत पोहोचेपर्यंत तो वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. तेवढ्याच आवाजाला मग कमी जागा मिळते.

सीडीचा पर्याय काही जण सुचवतात. ती धुवावी लागत नाही आणि टकटकही करत नाही. पण खाऱ्या हवेत माझे दोन सीडी प्लेअर तीन-तीन वर्षांत निकामी झाले, तर त्याच खोलीतला टर्नटेबल बेल्ट बदलून आणि सांध्यांना तेल देऊन अजून चालतो आहे. ज्याचे घर समुद्रापासून आत आहे त्याला सीडी कदाचित अधिक सोयीची पडेल.

गुलाम मोहम्मद यांच्यावर खरेच प्रेम असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चित्रपटात न आलेल्या त्यांच्या रचनांची ‘पाकीझा रंग बरंग’ ही एलपी १९७७ मध्ये निघाली होती. तिची जुनी प्रत समोर आली तर मात्र मी हवेचा विचार न करता घेईन, आणि बुरशीशी जसे जमेल तसे झगडेन. चित्रपटाच्या एलपीबाबत तसा अट्टहास करण्याचे कारण आता उरलेले नाही.

ज्याचे मन तरीही जुन्या प्रतीवरच बसले आहे, त्याला मी अडवणार नाही, कारण तो सारंगीचा आवाज मलाही अजून हवासा वाटतो आणि माझी जुनी प्रत मी विकलेली नाही. ती थंडीत, मकरसंक्रांतीच्या आसपास, पहिल्या बाजूपुरती वाजते. विकत घेताना तबकडी दिव्याखाली तिरपी धरून पाहावी, जॅकेटच्या आत नाक घालून वास घ्यावा, आणि विक्रेता वाजवून दाखवायला तयार असेल तर ‘चलते चलते’ अखेरपर्यंत, शिटी विरून जाईपर्यंत, ऐकावे. तिथे काही ऐकू आले नाही तर दिवाळीनंतर घेऊन यावी, मृगाच्या तोंडावर आणू नये. नवी आवृत्ती कोणत्याही महिन्यात मागवता येते.