मंगळाच्या मातीची नक्कल : एमजीएस-1सी कोणी घ्यावी?

मंगळासाठी आखलेल्या प्रक्रियांच्या चाचण्या पृथ्वीवर करता याव्यात म्हणून जी कृत्रिम ‘माती’ विकत मिळते, तिच्यातील एमजीएस-1सी हा प्रकार आमच्या भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत सध्या वापरात आहे. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांच्या एमजीएस-1 या मूळ मिश्रणात 40 टक्के स्मेक्टाइट, म्हणजे थरांमध्ये पाणी धरणारे चिकणखनिज, घालून तो बनवतात.

नासाची जुनी जेएससी मार्स-1 ही हवाई बेटावरची ज्वालामुखीची राख होती. तिचे मंगळाशी साम्य मुख्यतः रंगापुरते होते. एमजीएस-1 मात्र नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळावरच्या गेल विवरात रॉकनेस्ट येथे तपासलेल्या वाळूबरहुकूम फेल्डस्पार, पायरॉक्सीन, ऑलिव्हीन अशी खनिजे मोजून रचलेली आहे, आणि पैसे मोजावेत ते त्यासाठीच.

‘सी’ प्रकाराचा स्वभाव पाणी घालताच कळतो. मिश्रण फुगते, उलथन्याला चिकटून बसते आणि बशीत वाळल्यावर त्याची कडक खापरी होऊन उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात. यात नवल नाही, कारण दख्खनच्या काळ्या मातीतही स्मेक्टाइटच मुख्य असते. मातीतून उष्णता देऊन पाणी काढण्याच्या प्रयोगाला हा प्रकार फार उपयोगी आहे. थरांमधले पाणी शंभर-दोनशे अंश सेल्सिअसला निघून जाते; खनिजाच्या रचनेत बांधलेल्या हायड्रॉक्सिलसाठी (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीसाठी) मात्र कित्येक शे अंश तापवावे लागते. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की माल हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे आधी ओव्हनमध्ये न वाळवता वजन करणाऱ्याच्या हाती मंगळाचे नव्हे, जुलै महिन्याचे पाणी लागते.

‘मंगळाची माती’ म्हणून कोणी कुंडीत रोपे लावण्यासाठी हा प्रकार घेणार असेल, तर मी नको म्हणेन. रॉकनेस्टच्या वाळूत चिकणखनिज आढळले नाही, आणि त्याच विवरातील येलोनाइफ बे येथील चिखलदगडातही ते साधारण 20 टक्केच होते. 40 टक्के हे प्रमाण पाण्याचे समृद्ध साठे गृहीत धरून मुद्दाम ठेवलेले आहे. शिवाय मंगळावर लोह व मॅग्नेशियम असलेली स्मेक्टाइटे विपुल आहेत, तर आपल्या बाजारातले नेहमीचे बेंटोनाइट, म्हणजे स्मेक्टाइटची चिकणमाती, ॲल्युमिनियमप्रधान असते, म्हणून खनिजाची जात विक्रेत्याला विचारून घ्यावी. मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानाला 2008 मध्ये सापडलेले परक्लोरेट (क्लोरीनयुक्त क्षार) हवे असल्यास ते वेगळे मिसळावे लागते. ज्यांना पाणी काढण्याचे आणि रोपांचे असे दोन्ही तऱ्हेचे प्रयोग करायचे आहेत, त्यांनी साधी एमजीएस-1 घेऊन चिकणखनिज स्वतः तोलून घालावे, आणि ते करताना नाकावर मास्क लावावा, कारण कोरडी भुकटी भलतीच उडते.