एअरोप्रेस गो, दीड वर्ष गडावर वापरून: कॉफी जाऊ द्या, धुवायला पाणी किती लागतं ते बोला

आधीच सांगते, मी कॉफीतली जाणकार वगैरे अजिबात नाही. नाशिकची आहे, महिन्यातून एखादा तरी गड होतो, आणि सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय मला कुणी काही विचारू नये एवढंच माझं कॉफीचं ज्ञान. नवरा चहावाला, ग्रुपमधले बाकीचे पण चहावाले, त्यामुळे माझ्या सॅकमधून नवीन काही भांडं निघालं की "काढले हिने चोचले" हे ठरलेलं. चार वर्षांत दोन-दोन रुपयांच्या इन्स्टंटच्या पुड्यांपासून सुरू करून स्टीलचा फिल्टर, मोका पॉट (स्टोव्हवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढते ते भांडं), ड्रिप बॅग (पूड भरलेली कागदी पिशवी) असं सगळं वर नेऊन झालं आणि आता दीड वर्ष एअरोप्रेस गो, म्हणजे हाताने दाबून कॉफी काढायचं छोटं यंत्र, वापरतेय, म्हणून म्हटलं लिहून टाकू. या विषयावर मी जे रिव्ह्यू वाचले ते बहुतेक परदेशातले, तिथे टेंटच्या शेजारी झरा खळखळतोय आणि बाई निवांत भांडी विसळतेय. आपल्याकडे मार्चनंतर टाक्यात काय उरलंय त्यावर सगळं ठरतं. कळसूबाईला तर वर देवळापाशी पाणीच नाही, पायथ्याच्या बारी गावातून पाठीवर जे चढवलं तेच, आणि तीन लिटर पाणी पाठीवर घेऊन शिड्या चढलेल्या माणसाला ते भांडी घासायला काढा असं सांगून बघा.

तर वस्तू काय आहे. एकात एक सरकणाऱ्या दोन जाड प्लॅस्टिकच्या नळ्या, खाली भोकंभोकं असलेलं फिरकीचं झाकण, त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी कागदाची गोल चकती, म्हणजे फिल्टर. पूड टाकायची, गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, मिनिट-दीड मिनिट थांबायचं आणि वरची नळी हळूहळू दाबायची, खाली मगमध्ये कॉफी. झालं. हे ज्यांनी काढलं ते अॅलन अॅडलर म्हणजे कॅलिफोर्नियातले इंजिनिअर, त्याआधी त्यांनी एअरोबी नावाची लांबच लांब उडणारी फेकायची रिंग काढली होती, म्हणजे माणूस मुळात हवेच्या नादातला. मूळ एअरोप्रेस २००५ चा, आणि हा 'गो' २०१९ चा, फरक एवढाच की हा थोडा बुटका आहे आणि नळ्या, ढवळणी, चमचा, फिल्टरची डबी सगळं त्याच्याच मगमध्ये बसतं, वरून झाकण. सगळं मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. मी घेतला तेव्हा चार-पाच हजारांच्या मधे कुठेतरी पडला, नवऱ्याला अजून अडीच सांगितलेत, त्यामुळे हे त्याला फॉरवर्ड करू नका.

आता मुद्दा. कॉफी झाल्यावर झाकण फिरवून काढायचं, नळी कचऱ्याच्या पिशवीवर धरायची आणि वरून एक शेवटचा दाब द्यायचा, टप्पकन चोथ्याची घट्ट वडी बाहेर पडते, कागदासकट. आत बघाल तर नळी जवळजवळ कोरडी, कारण रबरी टोकाने जाता जाता आतली भिंत पुसूनच घेतलेली असते. मग रबराला दोन घोट पाणी दाखवायचं, रुमालाने पुसायचं, सॅकमध्ये. मी एकदा मुद्दाम बाटलीच्या झाकणाने मोजलं होतं, पाच झाकणं लागली. पाच! त्याच ट्रेकला मैत्रिणीने फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने चोथा तळाला दाबायचं भांडं) आणला होता, त्याच्या जाळीत आणि तळाला अडकलेला चोथा काढता काढता तिची पाऊण बाटली गेली आणि तरी दुसऱ्या दिवशीच्या कॉफीत दाताखाली कचकच लागत होती ती वेगळीच.

मोका पॉटची पण हीच कथा. कॉफी मस्त होते, खोटं कशाला बोलू, दाट, घरातल्यासारखी, पण भांडं जड, निवेपर्यंत उघडता येत नाही, आणि छोट्या ट्रेकिंग स्टोव्हच्या तीन पाकळ्यांवर त्याचा तो चिमुकला तळ धड बसत नाही. रतनगडावर मी आच मोठी करून सूर्योदयाचे फोटो काढत बसले आणि हँडल वितळून खाली लोंबायला लागलं. चूक माझी, पण भांडं गेलं ते गेलंच, आता त्यात कढीपत्त्याचं रोप आहे.

स्टीलच्या फिल्टरबद्दल मात्र मी वाकडं बोलणार नाही. बंगळुरूच्या मामीने दिलेला आहे, वरच्या भांड्यात चिकोरीवाली बारीक पूड, त्यावर छत्रीसारखी दांडीची चकती, उकळतं पाणी, आणि मग बसा वाट बघत. वीस मिनिटं तरी. घरी ही वीस मिनिटं अंघोळीत जातात, गडावर डिसेंबरात पहाटे साडेपाचला बोचऱ्या वाऱ्यात बसून ती काढायची आणि तोपर्यंत डिकॉक्शन गार. वर दूध हवं, म्हणजे दुधाची पावडर, म्हणजे गुठळ्या. आणि भोकांत अडकलेली पूड धुवायला परत पाणीच. तरी किमतीत विचाराल तर तीन-चारशे रुपयांत आयुष्यभराची वस्तू आहे, गाडीने जाऊन धरणाच्या काठाला कॅम्पिंग करणार असाल तर डोळे झाकून हाच घ्या, एअरोप्रेसच्या फंदात पडू नका.

परत गडावर येते. मागच्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून चढलो, कोकणकड्यापासून जरा आत, आडोशाला टेंट. सकाळी मी मांडामांड केली, तर जिच्याकडे आम्ही रात्री पिठलं-भाकरी खाल्ली होती त्या मावशी कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या. "काय वं ताई ह्ये, गुराढोरांचं इंजिक्शन हाये का?" अख्खा ग्रुप हसून आडवा. आणि खरंच तसंच दिसतं हो, ढोरांच्या डॉक्टरकडे असतं तसं. त्यांना अर्धा कप दिला, बिनदुधाची, बिनसाखरेची. एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. गवती चहाचा. मी निमूटपणे तो पण प्यायले.

पाण्याच्या तापमानाचं मात्र गडावर आपोआप जमतं. हरिश्चंद्रगडाची उंची १४०० मीटरच्या वर आहे, साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं, म्हणजे वर ते ९५ लाच उकळतं, आणि थंडीत टोप खाली उतरवून पूड काढेपर्यंत ९० च्या खाली येतंच. अॅडलर स्वतः ८० च्या आसपासचं पाणी वापरा असं सांगतात. म्हणजे थर्मामीटर वगैरे काही नको, टोप उतरवा, फिल्टर ओला करा, ओता. माझं माप १५ ग्रॅम पूड, नळीत आकड्याच्या खुणा आहेत तिथपर्यंत पाणी, ते अडीचशे मिलीला थोडं कमीच भरतं. दहा वेळा ढवळा, दीड मिनिट, आणि दाबताना घाई नको, अर्धं मिनिट तरी घ्या, सुस्स आवाज आला की थांबा. दोघांना हवी असेल तर २० ग्रॅम टाकून कडक काढायची आणि दोन मगमध्ये वाटून वरून गरम पाणी घालायचं, चव उतरत नाही फारशी. तिघांपुढे मात्र हा कामाचा नाही. आठ जणांचा ग्रुप आणि सगळ्यांना कॉफी, तर सरळ टोपात पाणी उकळा, खाली उतरवा, जाडसर पूड टाका, झाकण, चार मिनिटांनी चोथा तळाला बसला की वरून वरून ओता. कसलंच यंत्र नको.

पूड घरून दळून न्या. मी हौसेने एकदा हातगिरणी नेली होती, ऑनलाइन स्वस्तातली, कुठली ते सोडा. अर्धा किलो वजन, गार पडलेल्या बोटांनी फिरवून फिरवून हात भरून आला आणि शेवटी दांडाच हातात आला. तेव्हापासून आदल्या रात्री घरी दळायचं, फिल्टर कॉफीपेक्षा जाड, रव्यापेक्षा बारीक, आणि १५-१५ ग्रॅमच्या छोट्या झिपच्या पुड्या करायच्या. दोन दिवसात थोडा सुगंध उडतो, पण सगळा जात नाही. बिया मी बहुतेक चिकमगळूरच्या आणते, मीडियम रोस्ट. मध्ये चिखलदऱ्याला गेलो होतो तेव्हा तिथली कॉफी पण आणली होती (हो, आपल्या अमरावती जिल्ह्यात कॉफी पिकते, अर्ध्या नाशिकला हे माहीत नाही), ती जरा रांगडी लागली पण गडावर रांगडीच बरी वाटते.

स्टोव्हबद्दल थोडं, कारण पहिल्या थंडीत मला वाटलं आपला स्टोव्हच बिघडला. आपल्याकडे सहज मिळतात त्या लांबट कॅनमध्ये ब्युटेन असतो, तो शून्याच्या जरासंच खाली असताना द्रवाचा वायू व्हायचा थांबतो, आणि गॅस निघताना कॅन स्वतः अजून गार पडत जातो, त्यामुळे बाहेर आठ-दहा डिग्री असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने ज्योत मिणमिणती. उपाय सोपा, रात्री कॅन स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचं. नवरा म्हणतो माझ्यापेक्षा कॅनला जास्त जपतेस. वाऱ्याला आडोसा हवाच, नाहीतर अर्धा लिटर पाण्याला लागतो त्याच्या दुप्पट गॅस जातो, पण कॅनवरच बसणारा स्टोव्ह असेल तर पत्र्याचा आडोसा चारी बाजूंनी गुंडाळू नका, खाली कॅन तापून फुटू शकतो आणि मग कॉफी राहते बाजूलाच. वाऱ्याच्या बाजूला सॅक उभी करा, जरा लांब, पुरे. टेंटच्या आत तर पेटवूच नका, कितीही थंडी असली तरी, बंद जागेत साठणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही आणि वास पण येत नाही. आणि हा कॅन रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही, हिमालयात जाणाऱ्यांनी तो तिथे उतरूनच घ्यायचा. वर जाऊन चूल पेटवण्याचं तर नावच नको, हरिश्चंद्रगड काय नि कळसूबाई काय, सगळं अभयारण्य आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. किंमत, ती आहेच. दुसरं, दाबायला जागा सपाट लागते आणि सह्याद्रीत सपाट कातळ शोधणं म्हणजे आधीच एक छोटा ट्रेक. एकदा मी शहाणपणा करून उलटा ठेवून करायची पद्धत केली, म्हणजे नळी उभी उलटी, पूड-पाणी वरून आणि मग मगसकट पलटी मारायची, घरी ओट्यावर झकास जमते, तिरक्या दगडावर मात्र सगळं माझ्या मनगटावर. फोड आठ दिवस होता. सरळच करा. कॉफी काढायला मग पण त्याच्यासोबतचाच वापरा, काही ट्रेकिंगच्या मगचं तोंड एवढं रुंद असतं की नळी थेट आतच जाते. ठेवताना आतली नळी पूर्ण आरपार ढकलून ठेवा, रबर दाबलेलं राहिलं तर हळूहळू ढिलं पडतं आणि मग बाजूने पाणी झिरपायला लागतं. आणि चोथ्याची वडी कृपा करून दरीत भिरकावू नका, टाक्यात तर नाहीच नाही, "मातीत मिसळेल की" म्हणणारे मला भेटलेत. आपण पितो तेच पाणी आहे. झिपच्या पुडीतून आणलं ना वर, त्याच पुडीतून खाली न्या, घरी माझ्या कढीपत्त्याला चालतं ते.

एकट्याने किंवा दोघांनी फिरत असाल, पाणी मोजून नेत असाल आणि चोचले ऐकून घ्यायची तयारी असेल तर घ्या. वर्षातून एकदाच ट्रेक करत असाल तर ड्रिप बॅग घ्या, मगच्या काठाला अडकवायची, वरून पाणी, झालं, धुवायचं काहीच नाही, फक्त कचरा जरा जास्त परत आणावा लागतो. पाचपैकी चार देते. एक मार्क कागदाचा कापला, म्हणजे खरं तर माझ्या डोक्याचा, कारण कळसूबाईला पहाटे सगळं मांडून, पाणी उकळून बघते तर फिल्टरची डबी घरी ओट्यावर. शेवटी नवऱ्याच्या धुतलेल्या बनियनचा गोल तुकडा कापून लावला. चालला. थोडी माती उतरली कपात, पण चालला. आता दोन चकत्या फर्स्ट एडच्या पाकिटात बँडेजच्या मागे कायमच्या आहेत, आणि तो बनियन नवरा प्रत्येक ट्रेकला नव्या माणसाला काढून दाखवतो.